भूमिकेवरून माणसाचा निकाल लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत तरुण मुलांच्या नव्या खेळांवर एक लेख आला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या, भूमिका घेऊन खेळायच्या खेळांत मुलगे बायकांची पात्रं घेतात, हे त्यात एखाद्या विकाराचं लक्षण असल्यासारखं मांडलं होतं. पालकांनी मुलांचे खेळाचे कागद तपासावेत, त्यात असं काही आढळलं तर वेळीच समुपदेशकाकडे न्यावं, असा सल्लाही होता. वाचून मी फार अस्वस्थ झाले. आमच्या घरी रविवारी दुपारी हाच खेळ चालतो. खेळणाऱ्यांत दाढीवाले मुलगे आहेत, ते बायका होतात. मी साठी ओलांडलेली, शाळेतून निवृत्त झालेली बाई आहे, मी पुरुष होते. म्हणून लिहिते आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. पात्राची ताकद, चपळाई, शहाणपण, जवळच्या वस्तू हे सगळं एका कागदावर असतं, ती कॅरेक्टर शीट. डीएम म्हणतो, 'पूल मोडलाय, पलीकडून घोड्यांच्या टापा ऐकू येताहेत, काय करता?' आपण आपल्या पात्राच्या तोंडून बोलायचं. काही अवघड करायचं असलं तर वीस पैलूंचा फासा टाकायचा. संवाद कोणी लिहून दिलेले नसतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी १९७४ साली हा खेळ तीन लहान पुस्तिकांतून बाजारात आणला. त्याआधी ही मंडळी सैन्याच्या लढायांचे खेळ खेळत असत. सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका घ्यायची, ही त्यांची नवी कल्पना.

त्यांच्यासाठी नवी, असं मी म्हणेन. माझं माहेर कुडाळजवळचं. माझे वडील दशावतारात स्त्रीपात्र रंगवायचे. तुळशीचं लग्न झालं की जत्रांचा हंगाम सुरू व्हायचा आणि पेटारा घेऊन कंपनी गावोगाव निघायची. पेटाऱ्यात साड्या, गंगावन, खोटे दागिने, रंगाच्या डब्या. देवळापुढे एक लाकडी बाक, तोच राजाचं सिंहासन आणि तोच ऋषीचा आश्रम. बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. कोणतं आख्यान लावायचं हे बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी ठरायचं. कंपनीचा मालक कथा थोडक्यात सांगायचा, पात्रं वाटून द्यायचा आणि पुढचं सगळं ज्याचं त्याने उभं राहून बोलायचं. लिहिलेली संहिता नाही, पाठांतर नाही. समोरच्या राजाने शास्त्रातला अवघड प्रश्न टाकला तर राणीने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, आणि उत्तर चुकलं तर पहाटेपर्यंत बसलेलं गाव ते विसरायचं नाही. माझ्या मुलाचा खेळ मी पहिल्यांदा स्वयंपाकघरातून ऐकला तेव्हा भाषा अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी होती, राक्षसांची नावं परकी होती, पण चाललंय काय हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

वडिलांना मिशी ठेवता यायची नाही. पावसाळ्यात, शेतीच्या दिवसांत ती वाढायची आणि कार्तिकात पुन्हा जायची. शेतात ते चिखलात नांगर धरणारे, जत्रेत रात्री तारामती. गावाला यात काही विचित्र वाटलं नाही, आईला वाटलं नाही, आम्हा मुलांना तर नाहीच. नव्याने कंपनीत आलेला पोरगा कंबर हलवून, आवाज बारीक करून हशा मिळवू लागला की वडील त्याला बाजूला घेत. त्यांचं म्हणणं मला अजून तसंच्या तसं आठवतं: 'नुसत्या लुगड्यान तारामती होणा नाय. तिका काय व्हया ता आधी कळाक व्हया.' तारामतीला तिच्या रोहिदासासाठी चितेला जागा हवी आहे. ते एकदा नटाला कळलं की आवाज कितीही जाड असला तरी चालतो.

आपल्या लेखकांनी या प्रकाराला 'पाश्चात्त्य खूळ' म्हटलं आहे. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रात हे छापून यावं याचं मला खरंच दुःख झालं. १८८२ साली सौभद्र रंगभूमीवर आलं तेव्हा सुभद्रा होते भाऊराव कोल्हटकर. बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू पाहून घरंदाज बायकांनी साडी नेसण्याची आणि केसांत फुलं माळण्याची तऱ्हा उचलली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'मानापमान' नाटकाचा दोन कंपन्यांनी मिळून केलेला संयुक्त प्रयोग झाला, त्यात बालगंधर्व भामिनी होते आणि केशवराव भोसले धैर्यधर. याच केशवरावांनी आधी स्त्रीभूमिका गाजवल्या होत्या. विष्णुपंत पागनीसांनीही रंगभूमीवर बायका रंगवल्या, आणि १९३६ साली पडद्यावर ते असे तुकाराम झाले की लोक त्यांच्यातच तुकोबा पाहू लागले. एकच माणूस आज नायिका आणि उद्या संत होऊ शकतो, याची आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी कोणाला अडचण नव्हती.

यात एक मोठा अन्याय होता, तो झाकून मला कौतुक करायचं नाही. पुरुष बायकांची कामं करत, कारण 'चांगल्या घरच्या' बाईला रंगभूमीची दारं बंद होती. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या तेव्हा कुठे ते दार नीट उघडू लागलं. म्हणून मला आजच्या मुलांच्या टेबलाचं विशेष वाटतं. तिथे मुलगे बायका होतात, पण बायकांना बाहेर ठेवून नव्हे. आमची डीएम सव्वीस वर्षांची मुलगी आहे. पोराने बाईचं पात्र थिल्लरपणे रंगवलं तर समोर बसलेल्या तिघी त्याला तिथेच थांबवतात. माझ्या वडिलांच्या कंपनीत असं सांगायला बाई नव्हती.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. भूमिकेवरून माणसाचा निकाल लावायची सवय आपल्याला फार महागात पडलेली आहे, आणि ती माणसं परकी नव्हती. कोल्हापूरचे गणपत पाटील यांनी तमाशापटांत नाच्या इतका चोख रंगवला की लोकांनी ती भूमिका त्यांच्या खऱ्या आयुष्याला चिकटवली. बायकोमुलांचा संसार असलेल्या या कलावंताला आयुष्यभर कुचेष्टा सोसावी लागली, आणि ती त्यांच्या कुटुंबापर्यंत पोचली. कोणी म्हणेल, ते 'तसे' नव्हते म्हणून वाईट झालं. मी म्हणते, असते तरी तेवढंच वाईट होतं. ज्या प्रेक्षकांनी त्यांच्यावर टाळ्या वाजवल्या त्यांनीच रस्त्यात त्यांना हिणवलं. आपला लेख पालकांना जो सल्ला देतो, तो याच रस्त्याचा आहे. फक्त हिणवणारा या वेळी घरातलाच माणूस असेल.

या खेळाचा स्वतःचा इतिहासही या बाबतीत स्वच्छ नाही, आणि लेखकांनी तो पाहिला असता तर बरं झालं असतं. सुरुवातीच्या पुस्तिकांत योद्ध्याच्या पेशाचं नावच 'लढवय्या पुरुष' असं होतं. १९७६ मध्ये 'ड्रॅगन' मासिकाच्या तिसऱ्या अंकात स्त्रीपात्रांसाठी वेगळे नियम सुचवणारा लेख आला, त्यात बायकांना सौंदर्याचे गुण दिले होते. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात तर ताकदीवरच मर्यादा आली. मनुष्यजातीच्या योद्ध्याला ताकदीचे १८ गुण मिळाले की पुढे शंभरपर्यंतचे जादा गुण फाशावर मिळत. पुरुषपात्राला पुरे शंभर मिळू शकत, स्त्रीपात्राला पन्नासच्या वर नाही. एल्फ आणि हाफलिंग या खेळातल्या काल्पनिक जाती; एल्फ बाईची ताकद १६ च्या पुढे जात नसे, हाफलिंग बाईची १४ च्या. आगीचे गोळे फेकणाऱ्या चेटक्यांच्या जगात एका बाईने जड दगड उचलणं तेवढं अशक्य! पुढच्याच वर्षी डीएमच्या पुस्तकात एक कमरपट्टा आला. तो बांधला की पुरुषाची स्त्री होते आणि स्त्रीचा पुरुष. हा कमरपट्टा शापित वस्तूंमध्ये मोडत होता. म्हणजे बाई होणं ही शिक्षा.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ताकदीवरची ही बंधनं गेली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत खेळाडूंना स्पष्ट सांगितलेलं आहे की पात्र स्त्री-पुरुष या दोनच खणांत बसवलं पाहिजे असं नाही. चाळीस वर्षांत खेळाने आपलं मत बदललं, कारण तो खेळणारी माणसं बदलली, बायका टेबलावर आल्या आणि बोलल्या. 'हल्लीच्या मुलांना काय झालंय' या प्रश्नाचं थोडं उत्तर इथे आहे: नियम आता आडवे येत नाहीत.

आमच्या टेबलावरची दोन पात्रं सांगते. खेळणाऱ्यांची नावं सांगणार नाही.

एक मुलगा खटाव तालुक्यातला, संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो, अंगाने पैलवान. त्याचं पात्र आहे पन्नाशीची सुईण. त्याची आजी गावात बाळंतपणं करायची. तिच्याकडून ऐकलेलं सगळं तो खेळात आणतो. रात्री-अपरात्री कोणी हाक मारली की ही सुईण आधी विचारते, पाणी उकळलंय का. शत्रूच्या किल्ल्यात शिरल्यावर बाकीचे खजिना शोधत होते आणि ही स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या पोटुशी दासीजवळ बसली. त्या दासीनेच पुढे आम्हाला चोरदरवाजा दाखवला, पण ती त्यासाठी बसली नव्हती. हा मुलगा आवाज जराही बदलत नाही. तरी आमच्यापैकी कोणी त्या पात्राला 'तो' म्हटल्याचं मला आठवत नाही.

दुसरा मुलगा आला तेव्हा त्याने एक तरुण मारेकरीण घेतली. तिचे कपडे, तिचा बांधा, पहारेकऱ्यांना तिने कसं भुलवलं, याच्यापुढे त्याची गाडी जाईना. मुलींना ते खटकत होतं, मलाही. आमच्या डीएमने त्याला झापलं नाही. तिने खेळातच विचारायला सुरुवात केली. ही रात्री झोपते कुठे? मिळालेले पैसे कोणाला पाठवते? दाराला आतून कडी लावते की नाही? त्या मुलाकडे उत्तरं नव्हती. पुढच्या वेळी तो आला तेव्हा तिला एक धाकटा आंधळा भाऊ होता, आणि ती कडीच नव्हे, कडीमागे बाकडंही लावून झोपत होती. तिथून ते पात्र बाई झालं. वडील असते तर म्हणाले असते, आता हिला काय हवं ते कळलं.

अमेरिकेत 'क्रिटिकल रोल' नावाचा, पडद्यावरच्या पात्रांना आवाज देणाऱ्या कलाकारांचा गट २०१५ पासून आपला खेळ लोकांसमोर खेळतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या दुसऱ्या कथेत सॅम रीगल या पुरुषाने नॉट नावाची गॉब्लिन, म्हणजे खुज्या राक्षसी जातीतली बाई केली. भेदरट, दारू पिणारी, हाताला चोरीची खोड. बऱ्याच भागांनंतर कळतं की ती मुळात नवरा आणि लहान मुलगा असलेली साधी गृहिणी आहे, तिच्यावर गॉब्लिनचा देह लादला गेलाय, आणि अशा रूपात मुलापुढे जायची तिला लाज वाटते. मुलाने मला ते सबटायटल लावून दाखवलं. एका पुरुषाने आईची ही लाज इतकी नेमकी पकडलेली पाहून मी रडले. त्या माणसाला समुपदेशकाकडे न्यावं असं कोणाला वाटलं नाही.

माझं पात्र आहे धोंडू, म्हातारा ड्वार्फ, म्हणजे खेळातल्या बुटक्या जातीतला, पेशाने लोहार. बायको गेलेली. मला पुरुष व्हायचं होतं, कारण आयुष्यभर मी वर्गातल्या आणि घरातल्या भांडणांत मध्यस्थ होते, आणि एकदा तरी मध्यस्थी न करणारा माणूस होऊन बघायचं होतं. धोंडू भांडण मिटवत नाही. तो उठून बाहेर जातो. बायकोचा विषय निघाला की तो रडत नाही, बोलत नाही. त्याचं दुःख दाखवायचं कसं, हे मला बरेच दिवस सुचेना. मग एका रात्रीच्या मुक्कामात मी म्हटलं, सगळे झोपल्यावर धोंडू प्रत्येकाच्या हत्याराला धार लावतो, आणि सकाळी कोणाला सांगत नाही. टेबल गप्प झालं. मला माझा भाऊ आठवला. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो गोठ्याचं छप्पर शाकारत बसला होता. आम्ही बहिणी गळ्यात पडून रडत होतो आणि तो वर नळे लावत होता. नातेवाईक त्याला दगड म्हणाले. धोंडू होऊन मला त्या छपरावर चढता आलं. मी भावाला फोन करून आईबद्दल बोलले, तो नेहमीसारखा दोन वाक्यं बोलला, पण त्या दोन वाक्यांत किती होतं ते मला या वेळी ऐकू आलं.

लेखात फसवणुकीचाही मुद्दा आहे, की मुलं मुलगी असल्याचं भासवून इतरांना गंडवतात. मोबाइल-संगणकावरच्या खेळांत अनोळखी माणसं एकमेकांना भेटतात, तिथे फसवणूक होते, ती गंभीर आहे, आणि तिच्यासाठी पोलीस आहेत. पण एक बाजू लेखकांनी सोडली. तिथे कितीतरी मुली मुलाचं नाव घेऊन खेळतात आणि माइक बंद ठेवतात, कारण मुलीचा आवाज ऐकला की शिव्या आणि घाणेरडी बोलणी सुरू होतात. माझी भाची तशीच खेळते. तिला कोणाला फसवायचं नाही, तिला निवांत खेळायचंय. टेबलावरच्या खेळात तर फसवणुकीचा प्रश्नच येत नाही. सगळे समोरासमोर बसलेले असतात, चिवडा एकाच ताटलीत असतो.

आणि असेही खेळाडू असतात ज्यांच्यासाठी ही फक्त भूमिका नसते. एखाद्याला आपण कोण आहोत हे स्वतःशीही बोलता येत नसतं, आणि टेबलावर त्याला 'ती' म्हणून पहिल्यांदा हाक मारली जाते. असं होतं. २०१४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींचा, आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. मग रविवारच्या खेळात कोणी ती ओळख हळूच चाचपून पाहत असेल तर त्याला घाबरवण्याचं कारण काय? आमच्या टेबलाचा नियम साधा आहे: पात्राबद्दल हवं ते विचारा, खेळाडूबद्दल तो स्वतः सांगेपर्यंत काही विचारायचं नाही. टेबलाच्या मध्ये 'एक्स' लिहिलेलं एक कार्ड असतं. एखादा प्रसंग सोसेनासा झाला की कोणीही त्यावर बोट ठेवायचं, प्रसंग तिथेच थांबतो, कारण द्यावं लागत नाही. नवी कथा सुरू करण्याआधी एक बैठक फक्त बोलण्यासाठी असते, काय चालेल आणि काय चालणार नाही याची. बाईवरचा अत्याचार गमतीसाठी किंवा गोष्टीला तिखट लावण्यासाठी आणायचा नाही, हे आमच्याकडे पहिल्याच बैठकीत ठरलं, आणि ते एका मुलाने सुचवलं होतं.

संपादक महोदय, माझी मागणी एवढीच की कागद तपासण्याचा तो सल्ला आपल्या वर्तमानपत्राने मागे घ्यावा. कॅरेक्टर शीट मुलाने लपवली तर समजावं की घरात काहीतरी बिनसलंय, आणि बिनसलेलं खेळात शोधू नये. पालकांना काही सांगायचंच असेल तर हे सांगा, की मुलाला विचारा, तुझ्या पात्राचं नाव काय, तिचा पेशा काय, तिला काय मिळवायचंय. मुलं यावर तासभर बोलतात. मी शिक्षिका होते, तासभर बोलणारी वाढती मुलं किती दुर्मीळ असतात ते मला ठाऊक आहे.

पत्र छापलंत तर माझं नाव घालू नये, ही विनंती. मला स्वतःला संकोच नाही. पण माझ्या नावावरून मुलांची ओळख पटेल, आणि त्यांतल्या एकाच्या घरी आपला लेख वाचून आधीच प्रश्न सुरू झालेत. गेल्या रविवारी तो आला नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
कोथरूड, पुणे